बिनशेपटीचा पक्षी

या, असे पुढे या. दाराशी उभं राहून ऐकण्यासारखी ही गोष्ट नाही. मोठ्या आवाजात सांगितली तर तिचा अपमान होईल, म्हणून जवळ बसा, मांडी घाला, आणि मी सांगतो ते ऐका. गोष्ट एका पक्ष्याची आहे, एका बहिणीची आहे आणि तिच्या पाठच्या भावाची आहे. कीर्तनात बुवा आधी निरूपण करतात आणि मग आख्यानाला हात घालतात. मी निरूपण थोडक्यात उरकतो, कारण आख्यान जड आहे.

निरूपण एवढंच, की खिडकीत दाणे टिपायला येते ती चिमणी डायनासोरांच्या वंशातली आहे. हसू नका. सगळे डायनासोर काही डोंगराएवढे नव्हते. त्यांच्यात कोंबडीएवढे, मांजराएवढे, दोन पायांवर तुरुतुरु पळणारेही होते. त्यांना आधी पिसं आली. उडायला नाही, ऊब म्हणून आली, मिरवायला आली. मग कुणाचे पुढचे पाय लांबले, त्यांचे पंख झाले. हाडं पोकळ झाली. दात गेले, चोच आली. आणि मागे लोंबणारी हाडांची लांबलचक शेपूट आखडत आखडत बोटाच्या पेरात मावेल एवढी झाली. देवाने एका जिवातून दुसरा जीव घडवला, आणि घडवताना कधी घाई केली नाही. मला तर हे ऐकूनच हात जोडावेसे वाटतात. झालं निरूपण.

आता आमची खोली पाहा. संग्रहालयाच्या तळघरातली. वर लोक काचेच्या कपाटांपुढे उभे राहून फोटो काढतात, आणि खाली आम्ही दोघं. एका टोकाला माझं टेबल. मी साचे घेतो आणि त्यात प्लास्टर ओततो, म्हणून मला सगळे साचेवाले मामा म्हणतात. दुसऱ्या टोकाला सुईबाई. दगडात अडकलेलं हाड मोकळं करायचं तिचं काम. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा, हातात सुई घ्यायची, आणि हाडावरचा दगड कणाकणाने उचलायचा. वाळूच्या उशीवर दगड निजवलेला असायचा, आणि ती त्याच्याशी बोलायची. "जरा कड दे रे. हां, शहाणा." बाळाची नखं काढणाऱ्या आईसारखी. चुकून सुई हाडाला लागली तर ती "आई गं" म्हणायची.

सुईबाईचे वडील खाणीत थरांचा दगड उकलायचे. तिचा धाकटा भाऊही तेच करायचा. त्याला ती बारक्या म्हणे, आणि तो चांगला सहा फुटी गडी झाला तरी बारक्याच राहिला. या दगडाची गंमत अशी, की कडेला छिन्नी लावून हलका ठोका दिला की तो दोन पाट्यांमध्ये उकलतो. आत प्राणी असला तर तो दोन्ही पाट्यांवर येतो. एकीवर उठाव, दुसरीवर खोलगा. थोडी हाडं इकडे चिकटतात, थोडी तिकडे. तेव्हा दोन पाट्या मिळून एक प्राणी. वडिलांचा नियम होता, की उकलल्या उकलल्या दोन्ही पाट्या समोरासमोर ठेवून सुतळीने बांधायच्या आणि जोडी कधी फोडायची नाही. घरात इतर कशावरून भांडणं झाली असतील, या नियमावरून कधी झाली नाहीत.

दुसरा नियम सुईबाईचा. पाटीला तडा गेला, तुकडा निघाला, तर तो चिकटवायचा आणि फट बुजवायची. फट बुजवताना गोंदात पूड मिसळायची ती त्याच दगडाची. दुसऱ्या दगडाची पूड सुकली की रंगाने उघडी पडते. हे तिने भावाला हात धरून शिकवलं होतं. त्याचा हात चांगला बसला. इतका, की त्याने बुजवलेली फट आणि तिने बुजवलेली फट मलाही वेगळी ओळखू येत नसे.

सुट्टीच्या दिवशी ती भावाकडे जेवायला जायची. आई त्याच्याकडेच असे. कधी कधी मलाही घेऊन जायची. एकदा जेवणं झाल्यावर विषय निघाला आमच्या मॅडमचा. मॅडम म्हणजे हाडांच्या विभागाच्या प्रमुख, पक्ष्यांचा उगम हा त्यांचा ध्यास.

"काय शोधतात गं तुझ्या मॅडम एवढं?" भावाने विचारलं.

"शेपूट," सुईबाई म्हणाली. "पंख पक्ष्याचे आणि शेपूट पळणाऱ्या डायनासोरची, लांब, ताठ. असा कुणीतरी मध्ये असणारच ना रे. एकदम कशी आखडेल?"

"म्हणजे वरून आमच्या वहिनीसारखा आणि खालून माझ्यासारखा," मी म्हणालो.

"मामा, मी कुठे उडते हो?" भावजय म्हणाली. "वन्सं, तुम्हीच सांगा, या घरात मला पाय टेकायला तरी फुरसत मिळते का?"

सगळे हसले. सुईबाई मात्र रंगात आली होती. तिने हवेत बोटाने तो प्राणी काढायला घेतला. मान अशी, पंख असे पसरलेले, हाताला अजून नख्या, आणि मग ही शेपूट, इथून निघून इथपर्यंत, दोन्ही बाजूंना पिसांची झालर. तिचा चेहरा असा उजळला होता, की जणू तो प्राणी आमच्या डोक्यावरून उडत गेला. भाऊ हातावर हनुवटी ठेवून पाहत होता.

पुढच्या उन्हाळ्याच्या सुमारास तो आमच्या तळघरात आला. गोधडीत गुंडाळलेली पाटी छातीशी धरून. टेबलावर ठेवली आणि गोधडी बाजूला केली.

पक्षी होता. पंख पसरलेले, हाताला नख्या, जबड्यात बारीक दात. आणि मागे हाडांची लांब, ताठ शेपूट, दोन्ही बाजूंना पिसांची झालर.

सुईबाई स्टूल पुढे ओढून पाटीवर वाकली. "बारक्या," ती म्हणाली, "हे कुठे मिळालं रे तुला?"

"खाणीच्या वरच्या अंगाला. तुकडे तुकडे निघाले. बसवत बसवत आणलंय."

"आणि जोडीची पाटी?"

"भुगा झाला गं ताई. उकलतानाच. हातात आलाच नाही काही."

तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याला वाईट वाटलं असेल म्हणून तीच त्याची समजूत घालत होती. "जाऊ दे. एक तरी वाचली ना? तुझ्या हातून वाचली म्हणून वाचली."

मॅडम धावत खाली आल्या. पायऱ्यांवर त्यांची चप्पल निसटली ती तशीच राहिली. त्या दगडावर वाकल्या आणि बराच वेळ सरळ झाल्याच नाहीत. शेवटी त्यांनी विचारलं, "दिव्याखाली धरलात?"

हा दिवा म्हणजे जांभळा. अंधार करून त्याच्या उजेडात दगड धरला की गोंद चमकतो, आणि कुठे कुठे जोडकाम केलंय ते सगळं दिसतं. व्यापाऱ्यांकडून आलेला एकही दगड दिव्याखाली धरल्याशिवाय आमच्याकडे पुढे जात नसे.

"घरचा दगड आहे, मॅडम," सुईबाई म्हणाली. "जोडलाय ते त्याने सांगितलंच आहे. फटींची पूडही बघा, त्याच दगडाची. हात माझ्याच हाताखाली तयार झालाय."

मॅडम हसल्या. "मग काय प्रश्नच नाही."

समारंभ झाला. वरच्या सभागृहात खुर्च्या पुरल्या नाहीत. मॅडमनी पडद्यावर चित्र दाखवलं, आणि इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो हा, म्हणाल्या. मग शोधणाऱ्याला पुढे बोलावलं. बारक्या नवा शर्ट घालून आला होता, कॉलरचा पुठ्ठासुद्धा काढायचा राहिला होता. माईकपुढे त्याने एकच वाक्य म्हटलं, "जे काही येतं ते ताईने शिकवलं." सुईबाई शेवटच्या रांगेत पदर तोंडाला लावून रडत होती. मीही रडलो, खोटं कशाला सांगू.

संग्रहालयं एकमेकांशी साच्यांची देवाणघेवाण करतात. आम्ही आमच्या पक्ष्याचं प्लास्टर त्यांना पाठवतो, ते त्यांच्या एखाद्या नव्या वस्तूचं आम्हाला पाठवतात. तसं एक खोकं आलं. दुसऱ्या शहरातल्या संग्रहालयाने एका व्यापाऱ्याकडून पळणाऱ्या डायनासोरची एक पाटी घेतली होती, तिची ही नक्कल. मी भुसा झटकून ती टेबलावर ठेवली. छान होती. कोंबडीएवढा प्राणी, मान मागे वळलेली, शेपूट लांब.

सुईबाई चहाचा कप घेऊन बघायला आली. बघता बघता तिने कप ठेवला. कप टेबलाच्या कडेवर अर्धा बाहेर राहिला, तो मी आत सरकवला.

"मामा, ही शेपूट बघा."

"बघतोय की."

"मधे गाठ आहे. हाड मोडून पुन्हा जुळलंय. आणि तिथेच पिसांची झालर दुमडलीय."

माझ्या लक्षात आलं नाही. तिने आमच्या पक्ष्याची पाटी कपाटातून काढून शेजारी ठेवली. आमच्या पक्ष्याच्या शेपटीलाही गाठ होती. तिथेच. झालर तिथेच दुमडलेली. फक्त आमची शेपूट डावीकडे वळत होती आणि ही उजवीकडे, आणि जिथे आमच्याकडे उठाव होता तिथे त्यांच्याकडे खोलगा. तिने एक तळवा एका शेपटीवर ठेवला, दुसरा दुसरीवर, मग दोन्ही हात उचलून एकमेकांवर टेकवले आणि तसेच धरून उभी राहिली.

एकाच शेपटीच्या दोन पाट्या. एक शेपूट, आणि तिला दोन धनी.

तिने खिडकी झाकली आणि जांभळा दिवा लावला. पक्ष्याच्या कमरेपाशी, जिथे शेपूट सुरू होते तिथे, गोंदाची रुंद पट्टी उजळून निघाली. इतर फटी केसासारख्या होत्या. ही नदीसारखी होती.

"मामा, बारक्याकडे जाते," ती म्हणाली. मी सोबत निघालो. तिला एकटीला सोडलं असतं तर ती कुठल्याही बसमध्ये चढून बसली असती.

बारक्याची शेड घरामागे होती. वर पत्रा, भिंतीशी टेकवलेल्या पाट्या, मधे लाकडी ओटा, त्यावर छिन्न्या, गोंदाचे डबे आणि एक लोखंडी खल. तो दगडावरची धूळ ब्रशने झाडत होता.

"अरे! मामासुद्धा! आज इकडे कुठे वाट चुकलात?"

"तुझ्या शेपटीची जोडीची पाटी आज आमच्याकडे आली," सुईबाई म्हणाली.

"माझ्या शेपटीची?" तो हसला. "मला कुठेय शेपूट?"

"बारक्या."

ब्रश थांबला. त्याने बादली पालथी घालून पुढे सरकवली. "बस ना आधी."

"नाही बसत."

मग तोच बसला. ब्रशचे केस अंगठ्याने मागेपुढे करत राहिला. शेवटी त्याने सांगितलं. त्याला आधी तो पळणारा प्राणी मिळाला होता. खालच्या पाटीवर अख्खा आला, वरच्या पाटीवर फक्त शेपूट नीट उठली, बाकीचा भाग गेलेला. नंतर पक्षी मिळाला. त्याने खालची पाटी व्यापाऱ्याला दिली आणि वरच्या पाटीची शेपूट पक्ष्याला लावली.

"बाबांनी शिकवलेली जोडी तू फोडलीस."

"ताई, पक्षी खरा आहे. माझ्या हाताने काढलाय. शेपूटही खरी आहे. यात खोटं कुठे आहे, दाखव! तुम्हीच म्हणता ना, पक्षी त्यांच्यातूनच आले? मग असा एखादा होताच की कधीतरी. मी आणला एवढंच."

"होता, पण तो हा नव्हता."

"तू बोटाने हवेत काढलास ना, तसाच केला. जराही इकडेतिकडे नाही." त्याने मान वर केली. "किती आनंद झाला होता तुला. बाबा गेल्यापासून तुला असं हसताना मी पाहिलं नव्हतं."

त्याने हे खरंच मनापासून म्हटलं. मी समोर होतो म्हणून सांगतो, डोळ्यांत लबाडी नव्हती. आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं.

"आणि तो दिवा?" सुईबाईने विचारलं. "आमच्याकडे जांभळा दिवा असतो हे तुला ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी सगळं उघडं पडलं असतं. भीती नाही वाटली?"

"नाही," तो सहज म्हणाला. "तू धरणार नाहीस हे मला माहीत होतं."

श्रोतेहो, परक्याने फसवलं तर माणूस दार लावून घेतो. इथे दाराची किल्लीच तिने त्याच्या हातात दिली होती, आणि त्याने ती नेमकी तिथेच लावली. तिच्या प्रेमाचं माप त्याने बरोबर घेतलं होतं, आणि त्याच मापाने कापड कापलं होतं.

ती ओट्याला धरून उभी होती. मग तिने जे विचारलं ते मला सुचलंच नव्हतं.

"या पक्ष्याची स्वतःची शेपूट कुठे आहे?"

त्याने पुन्हा ब्रश उचलला.

"आमच्या पाटीवरून तू ती तासून काढलीस, ही लांब शेपूट बसावी म्हणून. कळलं. पण जोडीच्या पाटीवर ती असणारच. कशी होती?"

"आखूड होती."

"किती आखूड? किती हाडं होती?"

"मोजली नाहीत."

"टोकाला एकच हाड झालं होतं, की सुटी सुटी होती? पिसं पंख्यासारखी पसरली होती, की दोन्ही बाजूंना ओळीने?"

"ताई, मी एवढं नीट पाहिलं नाही."

"पाहिलं नाहीस." तिचा आवाज प्रथमच चढला. "अरे, मॅडम त्याचसाठी थांबल्या होत्या! लांब शेपूट आखूड कशी झाली, हेच तर हवं होतं. ती अर्धी आखडलेली असेल, तर याच पक्ष्याने सांगितलं असतं. जोडीची पाटी कुठे आहे? भुगा झाला म्हणालास. खरंच झाला?"

भावजय पाण्याचे पेले घेऊन आली होती. ती दारातच थांबली. बारक्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बहिणीकडे मात्र पाहिलं नाही.

"पूड लागली ना," तो म्हणाला. "फट रुंद होती. दुसऱ्या दगडाची पूड घातली असती तर तू रंगावरून ओळखलं असतंस. तूच शिकवलंस, त्याच दगडाची घालायची. पक्ष्याच्या पाटीच्या कडेला खरवडायला काही उरलं नव्हतं."

सुईबाईची नजर ओट्यावरच्या खलाकडे गेली.

"यात?"

त्याने होय म्हणून मान हलवली.

म्हणजे पाहा. त्या जिवाची खरी शेपूट कुटून, तिच्या पिठानेच त्याला दुसऱ्याची शेपूट चिकटवली होती. आणि ज्या पुडीचा रंग पाहून आमची सुईबाई निश्चिंत झाली, मॅडमला "बघा, त्याच दगडाची" म्हणाली, ती पूड ही होती. त्याने तिचा एकही नियम मोडला नाही असंही म्हणता येईल. तिने शिकवलेलं त्याने अक्षरशः पाळलं.

ती वळली आणि चालू लागली. भावजय मागे आली. "वन्सं, आईंना न भेटताच? आत जाग्याच आहेत त्या."

"आज नको गं. आवाजावरून ओळखेल ती."

पेले तिच्या हातात तसेच राहिले. मी एक घेऊन पाणी प्यायलो. कुणीतरी प्यायला हवं होतं असं वाटलं.

मॅडमच्या खोलीत ती मला घेऊन गेली नाही, पण दार उघडंच होतं आणि मी बाहेर होतो. तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. खलाचंही. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "घरचा दगड आहे, असं तुम्ही म्हणालात."

"हो."

"आणि मी ऐकलं." त्या म्हणाल्या, "मला तुमच्या भावाचा राग येत नाही. त्याला मी ओळखतच नव्हते."

सुईबाईने ते झेललं. मान खाली घातली नाही.

"जाहीर मी करीन," मॅडम म्हणाल्या. "तपासणीत चूक झाली, एवढंच. तुमचं नाव नाही घेणार."

"घ्या, मॅडम. दगड माझ्या टेबलावर होता."

"त्याने काय साधेल?"

"तुम्ही एकट्या उभ्या राहाल ते टळेल."

त्याच सभागृहात पुन्हा खुर्च्या मांडल्या. या वेळी पुष्कळ उरल्या. एक जण मोठ्याने म्हणाला, "म्हणजे चिमणी आणि डायनासोर वगैरे सगळं थोतांडच ना?" मॅडम थकलेल्या होत्या, पण या एका प्रश्नाला ताठ झाल्या. "ते खरं आहे," त्या म्हणाल्या, "ते इतर शेकडो दगडांवर उभं आहे. खरं होतं म्हणूनच तर आम्ही एवढ्या सहज फसलो." आणि मग त्यांनी सुईबाईला शेजारी बोलावलं. मला वाटतं त्या दोघींमध्ये जे काही पुन्हा सांधलं गेलं असेल ते तेवढ्या चार पावलांत. पूर्वीसारखं नाही, पण काहीतरी.

शेपूट उतरवायचं काम दुसऱ्याला देऊ, असं मॅडम म्हणाल्या होत्या. सुईबाईने ते ऐकलं नाही. कापसाचा बोळा द्रवात भिजवायचा, फटीवर ठेवायचा, गोंद मऊ झाला की टिपून घ्यायचा. दिवसभर वाकून ती तेच करत होती. पण बोळे तिने कचऱ्यात टाकले नाहीत. प्रत्येक बोळ्यातलं करडं पीठ काचेच्या बशीत उतरवलं, वाळवलं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. पिठात हाडाचे कण होते. तिने मलाही दाखवले. मोहरीहून बारीक, तपकिरी, मधाच्या रंगाचे.

मॅडम खाली आल्या, त्यांनीही डोळा लावला. "यातून काही कळेल?"

"नाही," सुईबाई म्हणाली. "आता नाही."

या वेळी ती दगडाशी बोलत नव्हती.  शेवटी शेपूट अलगद सुटून तिच्या तळहातावर आली, तेव्हा मी जवळ गेलो. ती म्हणाली, "मामा, हिला जोडीकडे पाठवायला खोकं लागेल. भुसा जास्त घाला." एवढंच.

शेपूट आपल्या पाटीकडे गेली. तिकडच्या पळणाऱ्या प्राण्याची शेपूट आता दोन्ही पाट्यांनी पुरी आहे. आमचा पक्षी वर काचेच्या कपाटात आहे, कमरेपाशी तुटलेला. कपाटावरच्या फलकावर लिहायचं काय यावर चर्चा झाली. 'शेपूट नष्ट' असं लिहिलं. शोधणाऱ्याचं नाव ठेवायचं का, असं मॅडमनी विचारलं, तेव्हा सुईबाई म्हणाली, "ठेवा. शोधला त्यानेच. ते खरं आहे." ती पीठ असलेली काचेची बशी झाकण लावून त्याच कपाटाच्या खालच्या खणात ठेवलीय. ती कुणाला दिसत नाही.

आता प्रत्येक दगड दिव्याखाली जातो. मॅडमनी स्वतः खणून आणलेलासुद्धा. सुईबाई अंधार करते, दिवा लावते, बघते, आणि मगच सुई हातात घेते. काम पूर्वीइतकंच सुरेख आहे.

आणि बारक्या? तो फोन करतो. ती उचलते. शिव्या नाहीत, अबोला नाही, हवापाण्याच्या गोष्टी होतात. परवा आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. त्याने कळवलं, नीट झालं, आई चहा पिऊन झोपली. "बरं झालं रे," ती म्हणाली. फोन ठेवला. मग तिने भावजयीला फोन लावला. "ऑपरेशन झालं ना गं? नीट ना? चहा प्यायली ना?" भावजय म्हणाली, हो वन्सं, ह्यांनी सांगितलं नाही का?

"सांगितलं," ती म्हणाली. "सांगितलं त्याने."

तिच्या तोंडावर जे उमटलं ते मी पाहिलं. भावाने खरं सांगितलं याचा आनंद नव्हता तो. आपण विचारलं, याचं दुःख होतं.

आख्यान इथेच ठेवतो. मागणं एकच आहे. आज दिवा लावून देवापुढे बसाल, घरच्यांसाठी, आल्यागेल्यांसाठी काही मागाल, तेव्हा त्यात तिलाही घ्या. सुईबाई एवढंच म्हणा, त्याला कळेल. आणि तिला पुन्हा एकदा कुणावर तरी, न तपासता, डोळे मिटून विसंबता येऊ दे, एवढं तिच्यासाठी मागा.